मनगटापासून जमिनीपर्यंत

आम्हा नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. ते एक मैदान आहे. कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला सांगताना गोल्फ क्लबच. सकाळी बाबा तिथं चालायला जायचे, सुट्टीत आम्ही क्रिकेटचे सामने बघायला. त्या मैदानाच्या कडेकडेनं मी लहानाची मोठी झाले आणि तिथं गोल्फ खेळताना एकदाही कुणाला पाहिलं नाही. क्लब ही हातात धरायची वस्तू असते आणि ती उघडता येते, कापता येते, परत जोडता येते, हे मला पुण्यात आल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

ऑफिसमधला एक सहकारी कायमचा परदेशी चालला होता. सामान आवरताना त्यानं आपली जुनी बॅग मला देऊन टाकली. सात आयर्न (धातूच्या चपट्या पात्याचे क्लब), दोन वेज (जवळून बॉल उंच उचलायचे), एक ड्रायव्हर (लांब मारायचा), एक पटर (बॉल भोकाकडे ढकलायचा). मी तेव्हा नुकतीच ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसते बॉल मारायचा सराव करतात तिथं, जायला लागले होते आणि तिथले भाड्याचे क्लब वापरत होते. स्वतःची बॅग खांद्यावर आली याचा आनंद इतका होता की पहिला महिनाभर काहीतरी चुकतंय हे मान्यच केलं नाही. तो पाच फूट अकरा इंच, मी पाच फूट एक. क्लब हातात घेऊन उभी राहिले की त्याचं वरचं टोक पोटाला लागायचं. बॉलपुढे क्लब टेकवला की हेडचं, म्हणजे बॉलला लागणाऱ्या खालच्या भागाचं, पुढचं टोक हवेत उचललेलं राहायचं, आणि मारलेला प्रत्येक बॉल डावीकडे पळायचा. शिकवणारे म्हणायचे, ‘जरा खाली धरा.’ मी खाली धरायचे. पण ग्रिप, म्हणजे दांडीवरची रबरी मूठ, खाली निमुळती होत जाते. तिथं धरलं की ती हातात सैल फिरायची, मग मी घट्ट आवळायचे आणि संध्याकाळी मनगट दुखायचं.

त्या दिवसांत मला चेंबूरची एक जुनी गोष्ट आठवायला लागली. मावशी तिथं राहायची. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब चेंबूरलाच आहे, १९२७चा. त्याच्या आसपासच्या वस्तीतली मुलं गल्लीबोळांत आपला गोल्फ खेळतात. बांधकामावरची लोखंडी सळई वाकवून क्लब करतात आणि बॉल प्लास्टिकचा घेतात. असा एक क्लब एकदा माझ्या हातात आला होता. सळईचं खालचं टोक वाकवून ठोकलेलं, वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळलेली. तो ज्या मुलाचा होता तो दहा-अकरा वर्षांचा असेल. त्यानं माझ्या हातातून घेतला, टेकवला, आणि तो त्याच्या हाताला जिथं यायला हवा तिथं बरोबर आला. कारण त्यानं तो स्वतःला शेजारी उभं करून कापला होता. माझ्याकडे दोन वेजांसह अख्खी बॅग होती आणि त्यातलं एकही हत्यार माझ्या मापाचं नव्हतं.

माप साधं असतं. रेंजवर घालतो ते बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि दुसऱ्या कुणीतरी मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. माझं तीस इंच भरलं. ज्याची बॅग होती त्याला फोन करून मोजायला लावलं, त्याचं पस्तीस. क्लबच्या लांबीचे तक्ते याच मापावर बांधलेले असतात. माझ्या मापाला साधारण एक इंच कमी लांबी हवी, असं तक्ता सांगत होता.

एकदम कापायला मात्र हात धजेना. म्हणून सुरुवात ग्रिपपासून केली, आणि कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगेन की आधी ग्रिप बदलायला शिका. बिघडलं तर एक ग्रिप वाया जाते, बाकी काही नाही.

लागतं काय? वाकड्या पात्याचा कटर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, घट्ट पकडून ठेवायला रबरी पट्टी लावलेला व्हाइस, आणि एक परात. परात माझी भर. गच्चीला लागून असलेल्या बाल्कनीत मी सगळं मांडलं, घरातला गॅस आणि देवापुढचं निरांजन शांत आहे ना ते बघून आले, कारण टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. जुनी ग्रिप उभी चिरायची, पातं नेहमी आपल्यापासून लांब ओढायचं. चिरली की केळ्याच्या सालीसारखी सुटते. खाली जुन्या टेपचा काळपट थर राहतो, तो हेअर ड्रायरनं ऊब देत नखानं, मग बोथट पात्यानं काढायचा. इथं घाई करायची नाही. जुनी टेप एके ठिकाणी जरी फुगून राहिली तरी नवी ग्रिप घातल्यावर तिथं बोटाला गाठ लागते आणि ती गाठ विसरता येत नाही.

मग नवी टेप, शाफ्टच्या टोकापलीकडे अर्धा इंच सोडून, आणि तो अर्धा इंच पिळून आत खोचायचा. नव्या ग्रिपच्या टोकाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बोटानं दाबायचं, आत टर्पेंटाइन ओतायचं, तोंड बंद करून खळखळ हलवायचं आणि तेच टेपवर वरून खालपर्यंत ओतायचं. खाली परात आहेच. ओली झाली की ती टेप चिकट राहत नाही, बुळबुळीत होते. त्याच क्षणी ग्रिप एका दमात आत सारायची. मी पहिल्यांदा कंजुषी करून चमचाभर ओतलं. ग्रिप अर्ध्यावर गेली आणि तिथंच बसली, ना वर ना खाली. कापूनच काढावी लागली. दुसऱ्यांदा सढळ हातानं ओतलं तेव्हा ती अशी सरकत गेली की शेवटी टोकाला ‘टक्’ वाजलं. नंतर रेघा सरळ करायला जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. रात्रभर ठेवलं. घरभर दिवाळीआधी दारांना रंग देतात तसा वास.

सकाळी उठून आधी तो क्लब हातात घेतला. बाकीचं सगळं तसंच होतं, लांबीही तीच. पण मी बारीक ग्रिप निवडली होती. माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पहिल्यांदाच तळव्याला अलगद टेकत होती. हातात धरायची गोष्ट हाताएवढी झाली.

त्या जोरावर कापायचं ठरवलं. स्टीलच्या शाफ्टला पाइप कापायचं चाकाचं कटर चालतं, ग्राफाइटला ते चालत नाही, त्याचे धागे चिरडतात. त्याला बारीक दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड आणि कापायच्या जागेभोवती टेप. माझे आयर्न स्टीलचे होते. सात नंबरचा घेतला, एक इंच मोजून कापला, कड कानशीनं गुळगुळीत केली, नवी ग्रिप घातली, दुसऱ्या दिवशी रेंजवर नेला.

आणि तो मेला होता. दुसरा शब्द नाही. लांबी बरोबर, पोटाला लागत नव्हता, पण फिरवताना दुसऱ्या टोकाला हेड आहे हेच कळेना. नुसती छडी फिरवल्यासारखं.

याचं कारण शोधण्यात मी एक आख्खा पावसाळा घालवला आणि तो माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा पावसाळा होता. क्लबचं नुसतं वजन महत्त्वाचं नसतं, ते वजन हातापासून किती लांब आहे ते महत्त्वाचं. याला स्विंगवेट म्हणतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी ते मोजायचा तराजू केला. आजही तेच गणित चालतं. क्लबच्या वरच्या टोकापासून चौदा इंचांवर टेकू आहे असं धरायचं आणि हेडची बाजू त्या टेकूवर किती भारानं खाली ओढते ते बघायचं. त्याला अक्षर आणि आकडा देतात. सी-८, सी-९, मग डी-०, डी-१ असं चढत जातं. पुरुषांचे आयर्न साधारण डी-१, डी-२ला असतात.

माझ्याकडे तो तराजू नव्हता. पण गुणाकार येत होता. व्हाइसमध्ये त्रिकोणी कानस धार वर करून पकडली, तिच्यावर क्लब आडवा तोलला, आणि तो जिथं स्थिर राहिला त्या जागेचं वरच्या टोकापासूनचं अंतर मोजलं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन केलं. अंतरातून चौदा वजा करायचे, उरलेल्याला वजनानं गुणायचं. ग्रॅम आणि इंचांत हे उत्तर ६०५०च्या आसपास आलं की डी-०, आणि पुढं दर पन्नासाला एक पायरी.

कापायच्या आधीचे आकडे मी नशिबानं वहीत लिहून ठेवले होते. वजन ४३० ग्रॅम, तोल २८.३ इंचांवर. १४.३ गुणिले ४३०, म्हणजे ६१४९. डी-२. कापून, बारीक ग्रिप घातल्यावर ४२२ ग्रॅम, तोल २७.९वर. गुणाकार ५८६६. म्हणजे सी-६. एका इंचानं सहा पायऱ्या खाली उतरवल्या होत्या. हातांनी जे ‘मेलाय’ म्हणून सांगितलं होतं ते वहीत आकड्यांत उतरलं, तेव्हा माझ्या हातांवर माझा विश्वास बसला. गोल्फनं मला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं.

उपाय सोपा आहे. हेडच्या मागच्या बाजूला शिशाची टेप लावायची. साधारण दोन ग्रॅमला एक पायरी. सगळी कसर भरून परत डी-२ला न्यायला बारा ग्रॅम लागले असते आणि पुस्तकी दृष्टीनं तेच बरोबर. मी तसं केलं, आणि तो मला जड झाला. मग दोन-दोन ग्रॅम काढत गेले. सहा ग्रॅमवर, म्हणजे सी-९ला, हेड कुठं आहे ते कळत होतं आणि खांदाही ओढला जात नव्हता. तिथंच थांबले. (शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, आणि हे सगळं घरी करायचं. फेरी सुरू झाल्यावर मुद्दाम टेप लावून किंवा काढून क्लबचा गुण बदलणं नियमात बसत नाही.) बाकीचे आयर्नही मग एकेक करून सी-९ला आणले. सहा क्लब, सहा रविवार.

आता जे घडलं ते सांगायला मला जड जातं, पण सांगायला हवं.

सात नंबरच्याच शाफ्टवर, हेड जिथं सुरू होतं त्याच्या जरा वर, गंजाचा एक खड्डा होता. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेली बॅग ती. तो शाफ्ट बदलायचा ठरला. पहिला मागवला तो हेडमध्ये जाईचना. आयर्नच्या शाफ्टची टोकं दोन मापांत येतात, ०.३७० इंचाचं सरळ आणि ०.३५५ इंचाचं निमुळतं. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, घेतल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. दुसरा शाफ्ट बरोबर आला. जुना काढायला हॉझल, म्हणजे हेडची ती नळी, हीट गननं तापवली. आतला इपॉक्सी, म्हणजे शाफ्ट आणि हेड जोडणारा गोंद, उष्णतेनं नरम पडतो आणि हेड पिळून निघतं. (ग्राफाइटला पिळायचं नाही. तिथं पुलर लावून सरळच ओढावं लागतं, नाहीतर शाफ्ट आतून तुटतो.) नवा शाफ्ट बसवला. हाताशी पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी होता, तोच लावला. तासाभरात दगडासारखा घट्ट वाटला.

तिसऱ्या दिवशी रेंजवर तीस-चाळीस बॉल मारून झाले होते. एका फटक्यात हात एकदम हलके झाले आणि समोर गवतावर, पंधरा-वीस पावलांवर, हेड उसळत गेलं. माझ्या हातात नुसता शाफ्ट. दोन्ही बाजूंच्या मॅटवर माणसं होती. उजवीकडे एक शाळकरी मुलगी होती. मी बॅग भरली आणि घरी आले. दोन आठवडे बाल्कनीकडे फिरकले नाही.

नंतर ते हेड आणि शाफ्ट घेऊन मी एका काकांकडे गेले. ते पूर्वी कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारे, होते, आता एका टिनाच्या शेडमध्ये क्लब दुरुस्त करतात. रेंजवर सगळे त्यांच्याकडेच पाठवतात. त्यांनी शाफ्टचं टोक उजेडात धरलं, मला दाखवलं.

‘हे बघा ताई, चकचकीत आहे. सगळा गोंद तिकडं नळीत राहिला, इकडं एक कणही नाही. क्रोम काढलाच नाहीत तुम्ही. चकचकीत जागेला काही धरत नाही.’

मी विचारलं, ‘काका, आता तुम्हीच बसवून द्याल का?’

‘मी बसवला तर तुम्हाला रोज भीती वाटेल. इथं बसा. तुम्हीच बसवा.’

त्या दुपारी मी तिथं बसून बसवला. शाफ्टचं टोक जेवढं आत जाणार, सव्वा इंच, तेवढं एमरी पेपरनं घासलं, चमक जाऊन राखाडी होईस्तोवर. काका मधूनच अंगठा फिरवून बघत आणि ‘अजून’ म्हणत. नळीतला जुना इपॉक्सी गोल वायर ब्रशनं खरवडला, दोन्ही भाग अ‍ॅसिटोननं पुसले, आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही हे दोनदा ऐकलं. फेरूल, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारं काळं कडं, आधी चढवलं. इपॉक्सीच्या दोन्ही ट्यूबमधलं सारखंच घेऊन पुठ्ठ्यावर रंग एकसारखा होईपर्यंत कालवला. हा सावकाश धरणारा होता, चोवीस तासांचा. टोकाला लावला, नळीच्या आतही लावला, फिरवत फिरवत बसवलं, बाहेर आलेला पुसला, हेड ग्रिपच्या रेघेशी सरळ केलं. डिसेंबर होता, म्हणून काका म्हणाले दोन दिवस हात लावू नका, थंडीत उशिरा धरतं. आणि पहिले पन्नास बॉल जाळीत मारा, एकट्यानं, आजूबाजूला कुणी नसताना. मी शंभर मारले.

त्या शेडमध्ये मी पुष्कळ वेळा गेले. लाय अँगल मी तिथंच शिकले, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट किती उभा राहतो ते. बॉलच्या मागच्या बाजूला मार्करनं उभी रेघ ओढून तो मारायचा. रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. उभाच्या उभा उमटला तर लाय बरोबर, तिरका पडला तर नाही. माझे बॉल डावीकडे का जात होते ते त्या तिरक्या ठशात होतं. अर्धा इंच लांबी कमी केली की लाय साधारण एक अंशानं आपोआप खाली येते, त्यामुळे माझं बरंच काम कापण्यातच झालं होतं. उरलेला अंशभर काकांनी लांब दांड्याचा पाना लावून वाकवला. माझे आयर्न ठोकून घडवलेल्या मऊ पोलादाचे होते म्हणून. ओतीव कडक स्टीलचा क्लब कुणी आणला तर ते बहुतेक वेळा परतच करतात.

माणसागणिक लाय वेगळी लागते हे कंपन्यांच्या पातळीवर रुजवलं ते कार्स्टन सोल्हाइम यांनी. पिंग ही कंपनी त्यांची. आयर्नवरच्या रंगीत ठिपक्यावरून लाय ओळखायची त्यांची पद्धत आजही चालते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेले हे गृहस्थ बेचाळिसाव्या वर्षी खेळायला लागले, पटिंग जमेना म्हणून १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीच्या घरी, गॅरेजमध्ये, स्वतःच पटर करायला बसले. बॉलला लागताना त्या पटरचा ‘पिंग’ असा आवाज यायचा, तेच नाव झालं. त्याच्याही फार मागं, १६०३ साली, स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजानं विल्यम मेन याला आपला क्लब बनवणारा नेमलं. तो एडिंबरोचा धनुष्यं करणारा कारागीर होता. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर कमानगर. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘बरोबर आहे. लाकूड कुठं वाकतं ते त्यालाच कळणार.’ मी ते कधी तसं जोडून पाहिलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. बोटांचे सांधे आखडलेत, पातं धरवत नाही. त्यांच्या स्वतःच्या पटरची ग्रिप पार झिजली आहे, तेवढी बदलून द्याल का. मी पटर घरी आणला. ग्रिप चिरायच्या आधी मनात काय आलं कुणास ठाऊक, कॅलिपर घेतला आणि वरून खाली दर इंचाला जाडी मोजून वहीत लिहिली. ती कुठल्याच तयार ग्रिपसारखी भरेना. वर बारीक, आणि उजवा हात येतो तिथं उलट जाड.

चिरली तेव्हा कळलं. आत इलेक्ट्रिशियनची काळी टेप होती, तिरक्या वेढ्यांनी घातलेली, वर एकच थर आणि खाली वाढत गेलेली. उजव्या तळव्याखाली पाच थर. एक थर सोडवायचा, जाडी घ्यायची, लिहायची, पुढचा सोडवायचा. संध्याकाळ झाली त्यात. पाचव्या थराखाली शाफ्टवर खिळ्यानं ओढलेली एक बारीक आडवी खूण होती, वेढे जिथून सुरू करायचे तिथं.

मी खूण तशीच ठेवली. शाफ्ट पुसला, नवी टेप घेतली, आणि त्या खुणेपासून पहिला वेढा घातला.